कार्तिकी पौर्णिमेला मांगी-तुंगी

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. धुळ्याहून कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला नेऊ का?

उत्तर : जरूर न्या. साक्री, पिंपळनेर, ताहराबादमार्गे पायथ्याचे भिलवाड गाव गाठा. मांगी आणि तुंगी ही जोडशिखरे म्हणजे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र. राम, हनुमान, सुग्रीव इथून मोक्षाला गेले, ही श्रद्धा. पायथ्याला मंदिरे आणि धर्मशाळा आहेत, आईंचे दर्शन तिथे निवांत होईल. वरच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्या त्यांना चढायला लावू नका. तुम्ही मात्र पहाटेच निघा. मांगीवरची बलभद्रांची, म्हणजे कृष्णाचे बंधू बलरामांची, मूर्ती अवश्य बघा : तोंड कातळाकडे, भक्तांना दिसते ती पाठ. इतके एकाग्र वैराग्य दगडात मी अन्यत्र पाहिलेले नाही. २०१६ मध्ये प्रतिष्ठित झालेली पहिले तीर्थंकर ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्तीही थक्क करते. अहिंसेचे क्षेत्र म्हणून कातडी पट्टा, पाकीट खालीच ठेवा आणि जेवण सूर्यास्तापूर्वी उरका.