वाहनाची निगा : बॉनेटचा अडकलेला खटका

मोटारगाडीचे इंजिन ज्या झाकणाखाली असते, त्यास बॉनेट म्हणतात. इंजिनाचे तेल, रेडिएटरमधील पाणी किंवा कूलंट, ब्रेकचे तेल व पंख्याचा पट्टा यांची तपासणी हे झाकण उघडल्याखेरीज होत नाही. खटका अडकू लागला की चालक रोजची तपासणी टाळू लागतो आणि खरी हानी तेथूनच सुरू होते. आरोग्यकेंद्राची रुग्णवाहिका अशा हयगयीमुळे वाटेत बंद पडल्यास त्याचा भुर्दंड रुग्णास सोसावा लागतो.

बहुतेक गाड्यांत चालकाच्या आसनासमोर, खालच्या बाजूस एक दांडी असते. ती ओढली असता तार ताणली जाऊन पुढील खटका सुटतो व बॉनेट किंचित वर येते. तेथे ते दुसऱ्या, सुरक्षेच्या आकड्यावर अडते. हा आकडा बोटाने सरकविल्यावरच बॉनेट पूर्ण उघडते.

गोव्याच्या किनारपट्टीवरील खारी हवा, जून ते सप्टेंबरपर्यंतचा पाऊस व उन्हाळ्यातील तांबडी धूळ यांमुळे ग्रीस घट्ट होते, खटका गंजतो आणि तार आपल्या नळीत जाम होते.

खटका अडकल्यास प्रथम इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. एकाने दांडी ओढून धरावी व दुसऱ्याने खटक्याच्या वरच्या जागी बॉनेट तळहातांनी खाली दाबून सोडावे. दाब हलका झाल्याने खटका बहुधा सुटतो. दांडी अगदी सैल लागत असेल, तर तार तुटली किंवा निसटली असे समजावे. दांडीपाशी तारेचे टोक दिसत असल्यास ते पकडीने हळूहळू ओढावे. पहार घालून बॉनेट उचकटू नये. त्याने पत्रा वाकतो व खटकाही निकामी होतो. एवढ्याने न उघडल्यास मेकॅनिकला बोलवावे.

बॉनेट उघडल्यावर खटका व आकडा ब्रशाने साफ करावेत, गंज सोडविणारे तेल लावून पुसावेत व नवे ग्रीस द्यावे. तारेच्या टोकांशी पातळ तेलाचे थेंब सोडावेत. नंतर बॉनेट उघडे असतानाच स्क्रू-ड्रायव्हरने खटका मिटवून पाहावा आणि दांडी ओढून तो मोकळा करावा. खटका मिटलेला राहिला असता बॉनेट आपटल्यास दोन्हींची मोडतोड होते.

बॉनेट लावल्यानंतर त्याची पुढची कड हाताने उचलून पाहावी. अर्धवट लागलेले बॉनेट वेगात वाऱ्याने उघडून समोरच्या काचेवर आदळते व चालकास रस्ता दिसेनासा होतो.

मे महिन्यात पावसापूर्वी व ऑक्टोबरमध्ये पावसानंतर, असे वर्षातून निदान २ वेळा हे काम करून गाडीच्या नोंदवहीत तारीख लिहून ठेवावी. त्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ सहसा लागत नाही.