जोडण्यांचा साठा किती असावा?

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, तंजावर परिसरातील गावांत, कुरुवै भाताची कापणी ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर येते. सरकारी खरेदी केंद्रावर घालावयाच्या भातात ओलावा सर्वसाधारणपणे शेकडा १७ हून अधिक चालत नाही. रास उघड्यावर असताना एक सर आली की तो वाढतो. अशा दिवसांत खरेदीची नोंदणी संगणकाच्या जाळ्यावरून करावयाची असेल, तर नोंदणीचे पान अडून राहणे शेतकऱ्यास परवडणारे नाही.

प्रत्येक नोंद शेवटी डेटाबेसमध्ये जाते, आणि तेथे जाण्यास जोडणी, म्हणजे कनेक्शन, लागते. जोडणी नव्याने उघडणे खर्चाचे काम आहे: ओळख पटवावी लागते, आणि पोस्टग्रेससारखा डेटाबेस तर दर जोडणीस स्वतंत्र प्रक्रिया सुरू करतो. म्हणून काही जोडण्या आधीच उघडून ठेवतात. मागणी आली की एक घ्यावयाची, काम झाले की परत ठेवावयाची. हाच जोडण्यांचा साठा होय.

तो किती मोठा असावा? एका नोंदीस २० मिलिसेकंद लागतात असे धरू. मग एक जोडणी सेकंदास ५० आणि दहा जोडण्या ५०० नोंदी उरकतील. नवशिक्यास वाटते, दोनशे ठेवल्या तर दहा हजार होतील. तसे होत नाही. कल्लणैपाशी कावेरीचे पाणी वाटले जाते. पुढे कालव्याला अधिक तोंडे पाडली म्हणून नदीचे पाणी वाढत नाही, उलट शेवटच्या शेतापर्यंत ते पोहोचत नाही. तद्वत चार गाभ्यांचा प्रोसेसर एका क्षणी चारच कामे चालवितो. बाकीची एकमेकांस अडवितात. गाभ्यांची दुप्पट अधिक डिस्कची संख्या, म्हणजे येथे सुमारे नऊ, हा आरंभास बरा अंदाज आहे.

बेरीजही पाहावी. पोस्टग्रेसमध्ये मूळ मर्यादा १०० जोडण्यांची असून त्यांतील तीन व्यवस्थापकासाठी राखीव असतात. कार्यक्रमाच्या सहा प्रती चालवून प्रत्येकीस वीस जोडण्या दिल्या की १२० होतात. गर्दी वाढली म्हणून आणखी प्रती चालू कराव्यात, तर नेमक्या त्याच वेळी डेटाबेस नव्या जोडण्या नाकारू लागतो.

सर्वांत फसवा दोष मात्र निराळाच. नोंद झाल्यावर शेतकऱ्याच्या फोनवर संदेश पाठवितात. त्यास तीन सेकंद लागले आणि तोवर जोडणी हाती धरून ठेवली, तर दहा जोडण्या सेकंदास जेमतेम तीन नोंदी करतील. डेटाबेस रिकामा बसलेला आणि शेतकरी खोळंबलेले! संदेशापूर्वीच जोडणी परत करावी. मध्येच चूक उद्भवली तरी ती परत जाईल, अशीही तजवीज असावी. एरवी एकेक करून साठा आटतो.

साठा रिकामा असता किती थांबावे? जावा भाषेतील हिकारीसीपी या साधनात ही मुदत मुळात ३० सेकंदांची असते. तितक्यात माणूस कंटाळून बटण पुन्हा दाबतो आणि एकाच्या दोन मागण्या होतात. मुदत पाच सेकंदांवर आणावी, आणि ती संपताच ‘नोंद झालेली नाही, थोड्या वेळाने पुन्हा यावे’ असे तमिळमध्ये स्वच्छ लिहिलेले पान दाखवावे.