आधी काटा, मग हवा

भालकी, जि. बीदर

भाचेबुवा,

गाडीचे फोटो मिळाले. मामीने गल्लीत चार घरी मोबाइल फिरवून दाखवले. जुन्या तेरा सीटांच्या गाडीत पलंग, ओटा, मोरी, पाण्याची टाकी, टपावर सोलरचं पान! घर मोडून गाडी घेणारे मामाने पुष्कळ पाहिलेत, गाडी मोडून घर करणारा तूच पहिला. मे महिन्यात आई-वडिलांना घेऊन पुण्याहून निघायचं, सस्तापूर बंगल्याला वळून बसवकल्याण, मग हुमनाबादचं माणिकनगर, बीदरचा किल्ला, कलबुर्गी आणि शेवटी भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापूर, हा बेतही चांगला आहे. फोनवर मामाने विचारलं, हवा किती ठेवतोस? तू म्हणालास, "सगळीकडे चाळीस, पंक्चरवाल्यानेच सांगितलं." त्या एका वाक्यापायी हे पत्र.

तुझ्या वाटेवर उमरग्याला पंक्चरवाला विचारील, "किती टाकू?" हुमनाबादच्या नाक्यावर कन्नडमधून तोच प्रश्न येईल, "गाळी एष्टु हाकलि?" बीदरला दखनीत कुणी म्हणेल, "हवा कित्ती मारूं साब?" भाषा तीन, प्रश्न एकच. गंमत म्हणजे तिघेही तुला विचारतात आणि तू उत्तरासाठी त्यांच्याच तोंडाकडे पाहतोस. त्या बिचाऱ्याला तुझ्या गाडीत काय भरलंय ते ठाऊक नाही. त्याला बाहेरून गाडी दिसते, गाडीच्या मापाने तो आकडा सांगतो.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तुझा मामा तेव्हा ट्रकवर होता. कलबुर्गीच्या बाजारातली तूर आळंद-उमरगा मार्गे लातूरच्या डाळमिलांना पोचवायची, हा नेहमीचा फेरा. निघताना क्लीनर रॉड घेऊन एकेका टायरवर ठोके मारायचा. टण वाजला की ठीक, भद्द वाजला की हवा कमी. मागच्या जोड चाकांतला आतला टायर मात्र आडोशाला, तिथे रॉड नीट पोचत नाही आणि ऐकूही नीट येत नाही. त्या दिवशी आतला टायर अर्ध्यावर आला होता. त्याच्या वाटचं ओझं बाहेरच्याने उचललं. आळंद सोडल्यावर जळक्या रबराचा वास आला, मामाला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. दोन मैलांवर बाहेरचा टायर फुटला, गाडी कलंडून ज्वारीच्या शेतात गेली. माणसं वाचली. तूर एवढी सांडली की गावकरी संध्याकाळपर्यंत सुपांनी गोळा करत होते, आणि त्यातली बरीचशी, खरं सांगायचं तर, परतही आली. मालकाला मामाने सांगितलं, "टायर फुटला, नशीब." पुढे कितीतरी वर्षं ही हकीकत मामा नशिबाची म्हणूनच सांगत आला.

मग २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाची बातमी वाचनात आली. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला निघालेल्या मोटारीचा टायर फुटला, गाडी खड्ड्यात गेली, एक तरुण कर्ता माणूस गेला. अपघात दावा न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये त्याच्या घरच्यांना सुमारे सव्वा कोटीची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी अपिलात गेली. म्हणणं असं की टायर फुटणं ही देवाची करणी, त्याला माणूस काय करणार? न्या. एस. जी. डिगे यांनी अपील फेटाळलं. अतिवेग, कमी हवा, जास्त हवा, वापरलेले टायर, तापमान अशी कारणं टायर फुटण्यामागे असतात आणि निघण्यापूर्वी टायर पाहणं चालवणाऱ्याचं काम आहे, असं न्यायालयाने म्हटलं. भाचेबुवा, त्या दिवशी मामाला आळंदच्या रस्त्यावरचा तो वास आठवला.

दुसरी बाजूही पाहा. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली, तेव्हाही पहिलं कारण पुढे आलं ते टायर फुटल्याचं. परिवहन खात्याच्या तपासणीत टायर फुटल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. म्हणजे टायर फुटतो तेव्हा आपण देवावर ढकलतो, आणि फुटला नसला तरी बिल टायरच्याच नावावर फाडतो. टायरइतका मुका साक्षीदार दुसरा नाही.

आता तुझ्या चाळीस पॉइंटांचा हिशेब. पंक्चरवाल्याचा 'पॉइंट' म्हणजेच पीएसआय, जुने लोक त्याला पौंड म्हणतात. तू पाठवलेल्या फोटोत टायरच्या कडेवर १०९/१०७ असा आकडा दिसतो. तो भारांक आहे. १०९ म्हणजे चाक एकेरी असेल तर एका टायरने जास्तीत जास्त १०३० किलो पेलायचे. १०७ म्हणजे जोड चाकांत प्रत्येकी ९७५. त्याच्याच खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की हे १०३० किलो पेलतील ते हवा ६५ पीएसआय असताना, आणि तीही थंड टायरात. हवा कमी केली की टायर तोच राहतो, त्याची उचलण्याची ताकद मात्र उतरते. ओझं पेलते ती हवा. रबर आणि तारा त्या हवेला नुसतं धरून ठेवतात. अशा मालवाहू टायरांचं गणित धरलं तर ४० पीएसआयला तुझा एक टायर सुमारे ७०० किलोच पेलू शकतो.

आणि तू त्याच्यावर ठेवलंस काय? दोनशे लिटरची टाकी म्हणजे पाण्याचेच २०० किलो. दीडशे अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या शंभर किलोच्या पुढे. भरलेलं गॅस सिलिंडर तीसच्या आसपास. पलंगाचं प्लायवूड, मोरीची फरशी, आईची डबे-बरण्यांची पेटी (ती हलकी असेल या भ्रमात राहू नकोस). फोटोत टाकी, बॅटऱ्या आणि सिलिंडर तिन्ही मागच्या चाकांपाशी आणि तिन्ही डाव्या अंगाला दिसतात. समज, मागच्या कण्यावर १७६० किलो भरले. निम्मे-निम्मे म्हणजे ८८० असं तू म्हणशील. पण डावीकडे ९६० आणि उजवीकडे ८०० निघाले तर? ७०० किलोच्या ताकदीवर ९६० किलो! पुण्यात कोपऱ्यापर्यंत जाऊन येण्यात ते कळायचं नाही. सोलापूर सोडल्यावर दुपारी दोन वाजता ऐंशीच्या वेगात कळेल.

म्हणून आधी काटा. पाणी भरून, डिझेल भरून, सिलिंडर ठेवून, आई-वडिलांना बसवून गाडी वजनकाट्यावर ने. आपल्या भागात काट्यांचा तोटा नाही: उसाचे साखर कारखान्यांजवळ, तुरीचे कलबुर्गीच्या डाळमिलांजवळ. पुण्यात वाळू-सिमेंटवाल्यांचे आहेत. आधी पूर्ण गाडीचं वजन घे आणि नोंदणी पुस्तकातल्या कमाल वजनाशी ताडून पाहा. मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. जागा सपाट असेल आणि काटेवाला भला माणूस असेल तर डावी बाजू एकदा, उजवी एकदा. तो वैतागेल, त्याला चहा पाज.

आकडे हातात आले की टायर कंपनीचा भार-दाबाचा तक्ता मागव. मधले आकडे त्यात मिळतात. मघाच्या उदाहरणात ९६० किलोला साधारण ६० पीएसआय लागतात, ८०० ला ४७-४८. पण एका कण्यावरच्या दोन्ही चाकांत हवा सारखीच ठेवायची आणि ती जड बाजूच्या हिशेबाने. शिवाय टाकी उजवीकडे सरकवता आली तर सरकव. पुढे प्रत्येकी ६२० किलो आले तर गणित ३५ सांगेल, पण तिथे गणितावर जाऊ नकोस. ब्रेक मारला की सगळं घर पुढे येतं. गाडी बनवणाऱ्याने पुढच्या चाकांसाठी दिलेल्या आकड्याखाली उतरायचं नाही. दाराच्या चौकटीवरचा तक्ता गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा आहे, तो खालची मर्यादा म्हणून ठीक. मागच्या चाकांना मात्र तो आता पुरा पडेलच असं नाही. युरोपात फिरत्या घरांसाठी वेगळे टायर मिळतात, कडेवर 'सीपी' अक्षरं असतात. कारण साधं आहे: टेम्पो माल उतरवून हलका होतो, फिरतं घर कधीच हलकं होत नाही.

गाडीवाल्याचा आकडा एक आणि टायरवाल्याचा दुसरा, ही ओढाताण जगाला महागात पडलेली आहे. अमेरिकेत फोर्ड कंपनीने आपल्या एक्सप्लोरर गाडीला २६ पीएसआय सांगितले होते, टायरवाल्या फायरस्टोनने पुढे ३० ठेवा म्हटलं. टायरांचे पदर सुटून गाड्या उलटल्या, शेकड्यांनी माणसं गेली आणि ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. दोष टायरचा की गाडीचा यावर दोन्ही कंपन्या भांडत राहिल्या. त्यातून निघालेल्या कायद्यामुळे तिकडे हवा कमी झाली की गाडीतच दिवा लागण्याची सोय सक्तीची झाली. तुझ्या जुन्या गाडीत तो दिवा नाही. व्हॉल्व्हवर बसवायचे सेन्सर बाजारात मिळतात, ते घे. टपावरच्या दिव्यांच्या माळेपेक्षा ते आधी घ्यायला हवे होते.

आता उन्हाचं. आपल्याकडे जो तो सांगेल, "उन्हाळा आहे, दोन-चार पॉइंट कमीच ठेवा." मामानेही हे पंचवीस वर्षं पाळलं आणि ते चूक होतं. पहाटे २५ अंशांत ६० भरलेली हवा दुपारी ४५ अंशांत आपोआप ६५ दाखवते. चालून टायर तापला की आणखी चढते. ही वाढ टायर बनवणाऱ्याने आधीच धरलेली असते. कलबुर्गीच्या मेमध्ये घाबरून तू हवा सोडलीस आणि ६० वर आणलीस, तर दुसऱ्या दिवशी पहाटे गाणगापुरात ती ५५ च भरेल. मग तो टायर दिवसभर जास्त दबेल, कडा जास्त वाकतील आणि वाकण्यानेच जास्त तापतील. हवा कमी करून टायर थंड राहत नाही, तापतो. म्हणून मोजमाप सकाळी, गाडी हलण्यापूर्वी, ऊन लागण्यापूर्वी. गेज स्वतःचं, शंभरपर्यंत मोजणारं. दुकानातलं गेज दिवसातून चारदा जमिनीवर पडतं. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसरही ठेव.

साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच्या दाबासाठी असतो. तू काठावर आहेस, पितळी बसवून घे. नायट्रोजनचं कुणी विचारलं तर हसून सोड. आपल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. कोरडा असतो, हळू गळतो, एवढा त्याचा गुण. कमी भरलेला नायट्रोजन कमीच.

टायरचं वयही बघ. कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रकचा टायर घासून मरतो, तुझ्यासारख्यांचा उभ्या-उभ्या उन्हात सुकून मरतो. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्याने तो बाद, पण तुझ्या टायरची नक्षी कोरी करकरीत असेल आणि कडांना बारीक भेगा पडलेल्या असतील. पाच वर्षं उलटल्यावर दरवर्षी जाणत्याकडून रिममधून काढून आतून पाहून घे. स्टेपनीचाही तोच नियम. तुझ्या स्टेपनीचा फोटो तू पाठवलेला नाहीस, हे मामाच्या लक्षात आलं आहे.

आणि वळवाचा पाऊस झाला तर काळ्या मातीत गाडी उतरवू नकोस. रुतल्यावर हवा काढून बाहेर पडण्याची युक्ती लोक सांगतात आणि ती चालतेही, पण डांबरी रस्त्याला लागताच पुन्हा भरायची कुणाला आठवत नाही.

निघण्याच्या आठ दिवस आधी काट्यावर जा. पावतीचा आणि चारही टायरांच्या कडांचा फोटो मामाला पाठव, स्टेपनीचा पाचवा. ते आल्याशिवाय मामी पुरणाची डाळ भिजत घालणार नाही, तिने स्वतः लिहायला सांगितलं आहे.

तुझा,
मामा