कोडं अवघड असावं, अडवणूक नसावी

प्रश्न : खोताच्या वाडीतल्या बोळांवर मी एकटाच एक व्हिडिओ गेम बनवतोय. लाकडी कपाट ढकलत घरापर्यंत न्यायचं. मित्र चौथ्या लेव्हललाच सोडून देतात. काय चुकतंय? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : तुमचा खेळ ‘सोकोबान’च्या कुळातला आहे. १९८२ साली जपानमध्ये आलेल्या त्या खेळात मुख्य अट एकच : पेटी ढकलता येते, ओढता येत नाही. तेवढ्यावर लोक आजही तासन् तास डोकं लढवतात. तुमच्या आराखड्यात मात्र चौथ्या लेव्हलपर्यंत चावी, मांजर, पाऊस आणि घड्याळ सगळंच येतं. घड्याळ तर आधी काढा. विचार करणाऱ्याला घाई कशाला?

पहिल्या लेव्हलमध्ये एक बोळ, एक वळण, एक कपाट. सूचना लिहू नका. कपाट कोपऱ्यात अडकू द्या, म्हणजे नियम आपोआप कळेल. पण एक चाल मागे घ्यायची सोय हवीच. ‘बाबा इज यू’ या खेळात (२०१९) नियमांचे शब्दच ढकलून नियम बदलता येतात, तरी तो छळत नाही, कारण प्रत्येक चाल मागे घेता येते.

वाडीतल्या घरांचे बाहेरून चढणारे लाकडी जिने तुम्ही फार सुंदर काढलेत, पण ते नुसती शोभा आहेत. त्यांना कामाला लावा : जिन्याखालून माणूस जाईल, कपाट जाणार नाही. एवढ्यातून दहा लेव्हल निघतील.

मग मित्राला खेळायला बसवा आणि मागे गप्प उभे राहा. बोट थांबलं, नजर पडद्यावर फिरतेय, तर कोडं चांगलं आहे. बटणं कशीही दाबली जाऊ लागली, की ती लेव्हल पुन्हा लिहा.