पोर्तुगाल पायी: समुद्रकडे, करकोचे आणि बुरूज

पोर्तुगालला जाणारे आपले बहुतेक लोक लिस्बन, सिंत्रा आणि दक्षिणेच्या आल्गार्वमधला एखादा किनारा पाहून परततात. सह्याद्रीत पाय मुरलेल्या माणसाने एवढ्यावर समाधान मानू नये, असं मला मनापासून वाटतं. हा देश चालून पाहण्याचा आहे. हाताशी दहा-बारा दिवस असतील तर दोनच भाग निवडा: नैर्ऋत्येचा कड्यांचा किनारा आणि स्पेनच्या सीमेवरचे किल्ले. मदेइरा आणि असोरेश ही अटलांटिकमधली बेटं ट्रेकरला भुरळ घालतील, पण त्यांच्यासाठी वेगळी सवड काढावी. सगळं एका फेरीत कोंबलं की निम्मा वेळ विमानतळावर जातो.

आधी हंगाम. मार्च ते मे हा उत्तम काळ. माळ रानफुलांनी भरलेले असतात, हवा गार असते आणि मेमध्ये रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो. सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरही चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये आलेंतेजू प्रांताच्या आतल्या भागात पारा चाळिशी ओलांडतो, वणव्यांच्या धोक्यामुळे रानवाटा बंद होऊ शकतात आणि किनाऱ्यावर खोली मिळणं कठीण होतं. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत निघणाऱ्यांचं मात्र गणित छान जमतं.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो, पण इतकं ताणू नका. मुंबईत भेटीची वेळ मिळायलाच कधी कधी आठवडे जातात. किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय विमाकवच सक्तीचं आहे. पॉलिसी घेताना त्यात डोंगरात पायी फिरणं धरलं आहे का, हे वाचून बघा.

किनाऱ्यावरच्या वाटेचं नाव कोळ्यांची वाट, त्रिल्यू दुश पेश्कादोरिश. गावातले लोक गळ टाकायला कड्यांवरच्या ठरावीक जागी जात, त्यांच्या पायांनी पडलेल्या या पाऊलवाटा. त्या जोडून रोता व्हिसेंतिना या नावाखाली लांबच लांब मार्ग आखला आहे. पूर्ण चालायला दोन आठवडे लागतील. मी सुचवेन ते उत्तरेकडचे चार टप्पे: पोर्तू कोव्हू ते मिलफोंतिश सुमारे २० किलोमीटर, तिथून आल्मोग्राव्ह १५, मग झांबुझैरा दू मार २२ आणि शेवटी ओदसैश १८. लिस्बनच्या सेत रियुश बस स्थानकावरून पोर्तू कोव्हूला थेट गाडी मिळते. चालायचं ते उत्तरेकडून दक्षिणेकडे, कारण वारा बहुधा उत्तरेचा असतो. तो दिवसभर पाठीवर घ्यावा, तोंडावर नाही.

अंतरं वाचून कोणी म्हणेल, चढ नाही तर यात अवघड काय? अवघड आहे वाळू. वाट मैलोन् मैल मऊ वाळूच्या टेकड्यांवरून जाते आणि पोटऱ्या पहिल्याच दिवशी बोलू लागतात. घोट्यापुरते गेटर आणि हलके बूट घ्या. वाटेत सावली नाही आणि दोन गावांमध्ये पाणी मिळेल असं धरून चालू नका. माणशी तीन लिटर घेऊनच निघा. खुणा हिरव्या-निळ्या पट्ट्यांच्या. दोन समांतर पट्ट्या म्हणजे वाट बरोबर, फुलीसारख्या असतील तर मागे फिरा. कड्याच्या अगदी टोकाशी उभं राहून फोटो काढू नका. वरून घट्ट दिसणारी कडा खालून लाटांनी पोखरलेली असते. हा सगळा पट्टा संरक्षित निसर्ग उद्यानात येतो, त्यामुळे तंबू उघड्यावर ठोकता येत नाही. मुक्काम गावातल्या वसतिगृहात किंवा घरगुती खोल्यांत करायचा. मोठी सॅक पुढच्या गावात पोचवणाऱ्या गाड्याही मिळतात. गुडघे कुरकुरत असतील तर संकोच न करता ती सोय वापरावी.

पोर्तू कोव्हू सोडल्यावर थोड्याच वेळात समोर पेसगैरू बेट दिसतं. किनाऱ्यावर एक किल्ला, बेटावर त्याचा जोडीदार. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, पोर्तुगालवर स्पेनच्या राजाची सत्ता असताना, दोन्हींच्या मधलं पाणी समुद्री चाच्यांपासून राखण्यासाठी हे काम सुरू झालं. आपल्या जलदुर्गांची सवय असलेल्याला ही जोडी पाहताच तिचा हेतू समजतो. त्याच बेटावर रोमन काळात मासे खारवण्याची टाकी होती, म्हणजे ही जागा त्याही आधीपासून माणसांच्या कामाची.

चारांतला सर्वांत सुंदर दिवस तिसरा. आल्मोग्राव्हनंतर काबू सार्दांवचं दीपगृह लागतं आणि त्याच्या आसपास समुद्रातून वर आलेल्या सुळक्यांच्या माथ्यावर पांढरे करकोचे घरटी करतात. युरोपभर हा पक्षी घरांची धुराडी, चर्चचे मनोरे आणि विजेचे खांब शोधतो; लाटांच्या वर, कातळावर त्याची वसाहत क्वचितच कुठे आढळते. वसंतात घरट्यांत पिल्लं असतात. सुळके वाटेच्या खालच्या पातळीवर असल्याने आपण वरून थेट घरट्यात पाहतो, पक्षीनिरीक्षकाला असा कोन सहसा लाभत नाही. दुर्बीण ओझं वाटली तरी या एका दिवसासाठी न्यावीच. थांबून, शांतपणे बघावं आणि ड्रोन अजिबात उडवू नये. कड्यांचा दगडही पाहण्यासारखा आहे. बेसाल्टचे आडवे थर पाहिलेल्या डोळ्यांना इथले वाकलेले, उभे झालेले, दुमडलेले काळे थर नवे वाटतील. भूखंडांच्या टकरीत तीस कोटी वर्षांपूर्वी चुरगळलेला हा समुद्रतळ आहे.

ओदसैशहून परतीच्या बस मोजक्या असतात, तिकीट आधीच काढा. पुढच्या भागासाठी मात्र भाड्याची गाडी बरी. आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना ठेवा आणि पहिला तासभर उजव्या बाजूची सवय होईपर्यंत सावकाश चालवा. सीमेकडे जाताना दुतर्फा बुचाच्या ओकची झाडं दिसतील, खोडं तांबूस, सोललेली, त्यांवर पांढऱ्या रंगात एखादा आकडा. साल दर नऊ वर्षांनीच काढता येते, म्हणून ती ज्या वर्षी काढली त्याचा शेवटचा अंक झाडावर लिहून ठेवतात. जगातलं जवळपास निम्मं बूच याच देशातून येतं.

मार्व्हांव हे साडेआठशे मीटरवरचं गाव, पूर्ण तटबंदीच्या आत वसलेलं. गाडी वर नेता येते, पण नेऊ नका. खाली नदीकाठच्या पोर्ताजेंला ती ठेवा आणि मध्ययुगीन फरसबंदी वाटेने, चेस्टनटच्या सावलीतून चढा. तासाभराची चढण आहे. बालेकिल्ल्यात शिरताच डोळे थोडा वेळ अंधाराला सरावू द्या आणि जमिनीखालचं पाण्याचं प्रचंड टाकं बघा. किल्ला किती दिवस झुंजणार हे पाण्यावर ठरतं, आणि आपले भटके वर गेल्यावर आधी टाकं शोधतात ते उगाच नाही. तटावरून पूर्वेला स्पेन पसरलेला दिसतो. रात्र गावातच काढा. संध्याकाळी दिवसाचे प्रवासी उतरून गेल्यावर गल्ल्या तुमच्या.

तिथून अगदी जवळ कास्तेलू द व्हीद आहे, आणि महाराष्ट्रातून गेलेल्या कोणीही हे गाव चुकवू नये. गार्सिया द ओर्ता इथला. यहुदी घराण्यातला हा वैद्य १५३४ साली गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले आणि मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. आपल्याकडच्या औषधी वनस्पती, मसाले आणि फळांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्याच्या मृत्यूनंतर धर्मन्यायालयाने त्याची हाडं उकरून जाळली. ही हकीकत मनात ठेवून जुन्या यहुदी वस्तीच्या उभ्या चढाच्या गल्ल्यांतून चाला. दगडी कमानींची अरुंद दारं, कुंड्यांतली फुलं, प्रार्थनागृहाचं छोटं संग्रहालय आणि खाली संगमरवरी छत्रीखालचं झऱ्याचं पाणी. घाई न करता अर्धा दिवस द्या.

खाण्याचं थोडक्यात. हॉटेलात बसताच टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा, पैसे घेत नाहीत. शाकाहारी मंडळींनी ‘सैं कार्न, सैं पैश’ एवढं पाठ करावं, म्हणजे मांस नको, मासे नकोत. हिरव्या पालेभाजीच्या सूपमध्येही सॉसेजची चकती तरंगत असते, तेव्हा विचारून घ्या. आलेंतेजूची आसोर्दा म्हणजे लसूण, भरपूर कोथिंबीर, ऑलिव्ह तेल आणि गरम पाण्यात भिजलेला शिळा पाव, वर अंडं. दमून आलेल्या माणसाला याहून चांगलं काही नाही. सेर्रा दा एस्त्रेलाचं मेंढीच्या दुधाचं चीज रानटी आर्टिचोकच्या फुलांनी विरजतात, त्यामुळे प्राण्यांचं रेनेट टाळणाऱ्यांनाही ते चालेल.

शेवटचा टप्पा एल्व्हश. कोरडा खंदक आणि बुरुजांची तटबंदी असलेल्या किल्ल्यांत हे जगातलं सर्वांत मोठं संकुल आहे. २०१२ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. शहराभोवतीच्या तटावरून पायी फेरी मारा आणि दर कोपऱ्यावर थांबा. बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले बुरूज असे रचलेत की एकाच्या पायथ्याशी पोचलेला शत्रू शेजारच्या बुरुजाच्या तोफेखाली सापडतो. लपायला जागाच उरत नाही. वसईचा किल्ला याच विद्येतून बांधलेला. चिमाजी अप्पांच्या सैन्याला १७३९ साली तटाखाली सुरुंग खणून बुरूज का उडवावा लागला, हे इथे उभं राहिल्यावर नीट समजतं, आणि त्या मावळ्यांनी काय केलं याचं मोलही. उत्तरेच्या टेकडीवरचा ग्रासा किल्ला आणि आमोरैराचा उंच दगडी जलसेतू हे दोन्ही त्याच दिवशी होतात. किल्ला सकाळी, ऊन चढण्याआधी करा. जलसेतू दुपारी चारनंतर, तेव्हा कमानींवर पश्चिमेचं ऊन असतं. सोमवारी जाणार असाल तर किल्ला उघडा आहे का ते आधी विचारा, इथली बरीच स्मारकं त्या दिवशी बंद असतात.