पिकअपची बॅटरी सारखी उतरतेय? नवी घ्यायच्या आधी हे तपासा

डिलिव्हरीच्या धंद्यात उतरणाऱ्यांसाठी आपण पिकअपचा हप्ता आणि डिझेल यांचा हिशोब मांडला होता. आज बॅटरी. विषय मेकॅनिकचा वाटेल, पण पैसे तुमच्या खिशातून जातात.

आपल्या नाशकात पिकअप म्हणजे पहाटेचा धंदा. पंचवटीच्या मार्केट यार्डात भाजी पोचवायची, पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचे क्रेट न्यायचे, नाहीतर द्राक्षं भरून वाशी गाठायची. थंडीत निफाडकडे पारा एक आकडी होतो आणि नेमकी तेव्हाच गाडी 'टक टक' करून गप्प बसते. समजा, त्या फेरीचं भाडं चार हजार होतं. ते तर गेलंच. पण माल उशिरा पोचला म्हणून शेतकऱ्याने पुढच्या वेळी दुसरी गाडी सांगितली, तर ते नुकसान कुठल्या वहीत लिहिणार?

माझं दुकान गाड्यांच्या अॅक्सेसरीजचं, त्यामुळे रोज बघतो: गाडी बंद पडली की मालक सरळ नवी बॅटरी टाकतो आणि दोन महिन्यांनी परत तीच रड. कारण बऱ्याचदा बॅटरी चांगली असते, रात्रभर तिच्यातून कुणीतरी करंट पीत असतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि पिकअपसुद्धा संगणकावर चालायला लागल्या. ईसीयू, सेन्सर, वर लोकेशन दाखवणारी यंत्रणा. बोलेरो मॅक्स पिकअपमधलं आयमॅक्स त्यातलंच. चावी काढली तरी या गोष्टी थोडा करंट घेतात, आणि ते नॉर्मल आहे. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत काळजी नाही. त्या हिशोबाने ६० अँपिअर-अवरची चांगली, भरलेली बॅटरी अर्धी व्हायला २५ दिवस लागतात. पण बाहेरून बसवलेला जीपीएस, म्युझिक सिस्टीम, हौद्यातला एलईडी दिवा थेट बॅटरीला जोडला आणि गळती ३०० मिलिअँपिअर झाली, तर रोजचे ७.२ अँपिअर-अवर गेले. चार दिवसांत अर्धी बॅटरी खल्लास. म्हणून दिवाळीत गावाला जाऊन आलं की गाडी उठत नाही!

दुसरा चोर म्हणजे माल उतरवतानाची सवय. लोकांना वाटतं सारखा सेल्फ मारल्याने बॅटरी उतरते. गणित करून बघा. सेल्फ ३०० अँपिअर ओढतो, पण तीन सेकंदच. म्हणजे पाव अँपिअर-अवर. उलट इंजिन बंद, चावी ऑन, हॅझर्ड, ब्लोअर आणि गाणी चालू, असे १० अँपिअर वीस मिनिटं गेले तर सव्वातीन अँपिअर-अवर झाले. सातपूर-अंबडच्या लाइनवर दिवसाला दहा ठिकाणी थांबलात, तर हिशोब तुम्हीच करा. मधल्या दोन-दोन किलोमीटरमध्ये अल्टरनेटर एवढं भरून देऊ शकत नाही.

आता पॉवर सेव्हिंग. काही नव्या गाड्यांत बॅटरी खाली आली की गाडी स्वतःच आधी स्क्रीन आणि म्युझिक बंद करते, म्हणजे सेल्फपुरता करंट उरावा. मालक म्हणतो सिस्टीम बिघडली, आणि स्टिरिओ बदलायला येतो. अहो, ती गाडी तुम्हाला सांगतेय की बॅटरी बघा! सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल आणि ते अचानक होईनासं झालं, तर तोही बहुतेकदा हाच इशारा. अशा गाडीत साधी बॅटरी बसवू नका, ती फार टिकत नाही. कंपनीने सांगितलेल्या प्रकारचीच घ्या. आणि टाटा इंट्रासारख्या गाडीतलं इको बटण डिझेल वाचवण्यासाठी आहे. ते दाबून बॅटरी वाचत नाही.

तपासणीला एक साधा मल्टिमीटर पुरे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते का बघा. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग मदतनीसाला सेल्फ मारायला सांगा. तेवढ्यात आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी थकलीय किंवा उतरलीय. पूर्ण चार्ज करून परत बघा, तेव्हाही कोसळली तरच बदला. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. नव्या स्मार्ट अल्टरनेटरमध्ये आकडा वरखाली होतो, त्याला घाबरू नका. पण सतत बारा-साडेबाराच राहिला तर दोष अल्टरनेटरचा, पट्ट्याचा किंवा वायरिंगचा. टर्मिनलवरचं पांढरं-हिरवं बुरशीसारखं आधी साफ करा, अर्धे रोग तिथेच बरे होतात.

गळती शोधायला सगळं बंद करून, गाडी अर्धा तास तशीच ठेवा म्हणजे ईसीयू झोपतात. निगेटिव्ह वायर काढून मधे मीटर १० अँपिअरवर लावा. वायर काढल्याने ईसीयू परत जागे होतात, म्हणून आकडा स्थिरावेपर्यंत पुन्हा थांबा. मीटर लागलेला असताना चावी फिरवायची नाही, फ्यूज उडेल. आकडा जास्त आला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडला, चोर त्याच लाइनवर. कुठलाच फ्यूज काढून फरक पडला नाही, तर बाहेरून थेट जोडलेलं काही आहे का बघा. हे जमत नसेल तर वायरमनकडे जा, पण समोर उभं राहून आकडा बघा.

काही गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो. तिथे अॅक्सेसरीची अर्थ वायर थेट बॅटरीला नाही, चॅसिसला द्यायची. नाहीतर गाडीला किती करंट गेला तेच कळत नाही. जंपर लावताना काळी वायरही उतरलेल्या बॅटरीपासून लांब, इंजिनच्या मोकळ्या लोखंडाला. पूर्ण मेलेल्या बॅटरीवर बीएस-६ डिझेल गाडी धक्का मारून सुरू होत नाही, उगाच माणसं दमवू नका.

एवढं करूनही नवी घ्यावीच लागली, तर बिल आणि वॉरंटी कार्डवर तारखेचा शिक्का घ्या. २४+२४ लिहिलं असेल तर सहसा पहिले २४ महिने फुकट बदल, पुढे फक्त किमतीत सूट. जुनी बॅटरी फुकट देऊ नका, तिच्यातल्या शिशाला भाव असतो, तेवढे पैसे बिलातून वजा करून मागा. आणि गाडीच्या वहीत बॅटरीचं वेगळं पान करा: घेतल्याची तारीख, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळचा व्होल्टचा आकडा.