जॉइनिंगच्या आधीचे पंधरा दिवस

मागच्या महिन्यात एक जोडपं पेढ्यांचा बॉक्स घेऊन दवाखान्यात आलं. गृहस्थांचं वय ४१. चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. त्यांची लाइन बंद झाली आणि नऊ महिने घरी बसावं लागलं. आता तळेगावला नोकरी लागली होती, ऑफर लेटर हातात होतं, पंधरा दिवसांनी जॉइनिंग. माझ्या हातावर पेढा ठेवून खुर्चीत बसता बसता म्हणाले, "डॉक्टर, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. छातीत सारखं धडधडतंय. आनंदानं असं होतं का?"

पाच मिनिटं शांत बसवून मी दोनदा बीपी मोजलं. १६४/१०२. "गोळी चालू आहे ना?" असं विचारलं तर मान हलवून हो म्हणाले. तेवढ्यात वहिनींनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. पट्टीतल्या फोडलेल्या प्रत्येक खाचेत अर्धी गोळी उरलेली होती आणि ती हवेनं खराब होऊ नये म्हणून वरून सेलोटेप लावलेला होता, अगदी नीट, कडा दाबून. गृहस्थ खाली बघत म्हणाले, "पुरवून पुरवून घेत होतो." वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, मला तर म्हणालात, डॉक्टरांनीच अर्धी करायला सांगितलीय!"

तो सेलोटेप अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. म्हणूनच आज हा विषय घेतला. घरात कोणाला बऱ्याच महिन्यांनी नोकरी लागली असेल तर पुढचं जरूर वाचा.

ऑफर लेटर वाचायला मिनिटभर लागतं. शरीराला मात्र ती बातमी पोहोचायला आठवडे लागतात. महिनोन् महिने पैशांची काळजी, मुलाखती, "कळवतो" म्हणून न आलेले फोन, नातेवाइकांचे प्रश्न हे सगळं सोसताना शरीर सतत सावध राहिलेलं असतं. अ‍ॅड्रिनलीन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं चढी राहिलेली असतात. नोकरी लागली म्हणून ती त्याच संध्याकाळी खाली उतरत नाहीत. शिवाय नव्या काळज्या येतात. कंपनीच्या मेडिकल तपासणीत काही निघालं तर? ऑफर परत घेतली तर? इतक्या दिवसांनी काम जमेल का? त्यामुळे या दिवसांत धडधडणं, झोप उडणं, पोट बिघडणं, एकदम रडू कोसळणं हे बऱ्याच जणांना होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मात्र धडधडीबरोबर छातीत दाब वाटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, दरदरून घाम आला, धाप लागली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते टेन्शन आहे असं घरच्या घरी ठरवू नका. लगेच १०८ ला फोन करा. त्या गृहस्थांचा ईसीजी काढला, तो नॉर्मल आला, म्हणून मी त्यांना घरी जाऊ दिलं.

आता गोळ्यांबद्दल. कमावता माणूस घरी बसला की घरखर्चात सगळ्यात आधी कात्री लागते ती त्याच्या स्वतःच्या औषधांना. मुलांची फी भरली जाते, आईचं इन्सुलिन आणलं जातं आणि आपली बीपीची गोळी एक दिवसाआड होते. बीपी दुखत नाही, त्यामुळे हे खपून जातं. पण मेंदूच्या आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांवर वाढलेला दाब रोज पडतच असतो. पैशांच्या कारणानं कोणी औषध कमी केलं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. बीपीच्या बऱ्याचशा गोळ्या जनऔषधी केंद्रात बाजारभावापेक्षा खूप कमी किमतीत मिळतात. आम्हाला कळलं तर आम्ही चिठ्ठी तशी लिहून देऊ. आणि एक धोक्याची गोष्ट: मेडिकलच्या आदल्या दिवशी राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या म्हणून दोन-दोन घेऊ नका. बीपी एकदम उतरून माणूस कोसळू शकतो.

मेडिकलची धास्ती बहुतेकांना असते. गोड दोन दिवस बंद केलं की शुगर नॉर्मल येते, असा समज आहे. उपाशीपोटीची शुगर त्यानं थोडीफार खाली येईलही, पण आता बऱ्याच ठिकाणी एचबीएवनसी तपासतात. त्यात मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दिसते. ती ६.५ किंवा त्याहून वर गेली तर मधुमेह समजतात. ५.७ ते ६.४ हा सावध होण्याचा टप्पा. तेव्हा लपवण्याच्या खटपटीपेक्षा आधीच स्वतः तपासून घ्या आणि उपचार सुरू करा. उपचारानं आटोक्यात असलेलं बीपी किंवा मधुमेह बहुतेक कामांच्या आड येत नाही. जड वाहन, क्रेन, उंचावरचं काम यांचे निकष मात्र कडक असतात. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, सिगारेट नको. लघवी करून घ्या, पाठ टेकून पाच मिनिटं बसा, मोजताना बोलू नका. घाईघाईनं जिना चढून आलेल्या माणसाचं बीपी हमखास जास्त दिसतं. पहिल्यांदा जास्त आलं तर थोड्या वेळानं पुन्हा मोजायची विनंती करा. स्त्रियांनी लघवीची तपासणी पाळीच्या दिवसांत देऊ नये, आणि दिवस गेल्याची शंका असेल तर एक्स-रेच्या आधी तसं सांगावं.

घरच्या जबाबदाऱ्यांमुळे पाच-सहा वर्षं थांबून पुन्हा नोकरीला लागणाऱ्या भगिनींना तर कोणी बेरोजगारही म्हणत नाही, त्यामुळे त्यांच्या थकव्याची कोणी दखल घेत नाही. त्यांनी जॉइनिंगच्या आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघावं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. घर सांभाळून आठ तासांची नोकरी आणि वर लोकलचा प्रवास हिमोग्लोबिन नऊवर असताना झेपत नाही.

नैराश्यावर औषध चालू असलेल्यांना मी हात जोडून सांगतो, नोकरी लागली म्हणून ते मनानं बंद करू नका. "कारणच गेलं, आता गोळी कशाला?" हा प्रश्न मला दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतं. बरं वाटायला लागल्यावरही हे औषध साधारण सहा महिने तरी चालू ठेवायचं असतं. एकदम थांबवलं तर चक्कर, चिडचिड, मळमळ होते, आणि ती नेमकी नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात होते. कमी करायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. नोकरी लागूनही मन उभारी धरत नसेल, जगावंसंच वाटत नसेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येतं. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

झोपेविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. काम गेलं की दिवसाचं वेळापत्रकच विस्कटतं. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव आहे. तिथली कापडगिरणी बंद पडून जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास केला, तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे संशोधक खिडकीत उभं राहून रस्त्यावरच्या माणसांची चाल बघत. काम गेलेले पुरुष सावकाश चालत, दर थोड्या अंतरावर थांबत. बहुतेकांनी घड्याळ वापरणंच सोडलं होतं. माझ्या रुग्णांमध्ये मी हेच पाहतो. रात्री दोनपर्यंत मोबाइल, सकाळी दहाला उठणं, अकराला चहा-बिस्किटं, चारला जेवण. आणि आता पहिल्या शिफ्टची बस पावणेसहाला चौकात येणार!

यासाठी आजपासून उठायची वेळ ठरवा. झोपायची वेळ आपोआप अलीकडे येते. दर दोन दिवसांनी अर्धा तास लवकर उठा आणि उठल्यावर अर्धा तास बाहेर उजेडात चाला. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको, त्यातल्या कॅफीनचा निम्मा भाग पाच-एक तासांनीही अंगात असतो. दुपारी झोप आलीच तर वीस मिनिटं, गजर लावून. जेवणाच्या वेळाही नव्या शिफ्टप्रमाणे बदला. झोपेच्या गोळ्या स्वतःहून आणू नका, आणि झोप लागावी म्हणून दारू तर मुळीच नको. तिनं डोळा लागतो, पण पहाटे तीनला जाग येते. नोकरी लागल्याची पार्टी मित्रांनी मागितली तर त्यांना जेवायला घाला.

शॉपफ्लोअरवर आठ तास उभं राहायचं असेल तर पायांनाही सवय करावी लागते. कंपनीचे सेफ्टी शूज आधी मिळाले तर घरात रोज तासभर घाला. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखं होत असेल तर आत्ताच दाखवा.

विम्याचं थोडक्यात. जुन्या कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, नवा कोणत्या तारखेपासून लागू होतो ते एचआरला विचारून घ्या. स्वतःची पॉलिसी असेल तर ती सोडू नका. फॉर्ममध्ये बीपी-शुगर लपवू नका, नाहीतर ऐन वेळी क्लेम नाकारला जातो.

ते गृहस्थ दहा दिवसांनी परत आले. गोळी रोज, पूर्ण. पहाटे साडेपाचला उठून नदीकाठी फिरत होते. बीपी १३६/८६. कंपनीच्या मेडिकलला मी त्यांना औषधांची चिठ्ठी सोबत न्यायला सांगितलं, त्यांनी ती दाखवली आणि फिटनेस मिळाला.

तुमचीही जॉइनिंगची तारीख ठरली असेल तर या आठवड्यात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना एकदा भेटा. जाताना अर्धवट राहिलेल्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, आणि किती दिवस गोळी घेतली नाही ते खरं सांगा.